आधी टेकडी, मग समुद्र : लंडनहून बॅटल आणि हेस्टिंग्ज, एका दिवसात

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं ती हेस्टिंग्जची लढाई हेस्टिंग्जला झालीच नाही. ती झाली समुद्रापासून दहाएक किलोमीटर आत, एका टेकडीवर. त्या टेकडीवर पुढे गाव वसलं आणि त्याचं नावच ‘बॅटल’ पडलं. आपल्याकडे एखाद्या गावाला ‘लढाई’ म्हणावं, तसंच.

पहिल्या खेपेला मला हे उशिरा उमगलं. सरळ हेस्टिंग्जला उतरलो, समुद्रावर रमलो, मासे खाल्ले आणि दुपारी साडेतीनला चौकशी केली की रणांगण कुठे आहे. बॅटलला पोचलो तोवर शेवटचा प्रवेश बंद झाला होता. दगडी दरवाजा बाहेरून पाहिला आणि परतीची गाडी पकडली. त्यानंतर तीन-चार फेऱ्या झाल्या, बहुतेक पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांसोबत. त्यातून बसलेलं हे वेळापत्रक आहे, आणि त्याचा एकच नियम: सकाळी बॅटल, दुपारनंतर हेस्टिंग्ज. लंडनहून येणारी गाडी आधी बॅटललाच थांबते, रणांगणाला संध्याकाळी कुलूप लागतं, समुद्राला लागत नाही. शिवाय चढ ताज्या पायांनी चढलेला बरा.

एक शंका पाहुणे हमखास काढतात, ती आधीच मिटवतो. वॉरन हेस्टिंग्जचं हे गाव नव्हे, तो ऑक्सफर्डशरमधला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा गव्हर्नर जनरल असलेला लॉर्ड हेस्टिंग्ज तिसराच. या गावाचा मराठी इतिहासाशी खरा धागा वेगळाच आहे, तो पुढे येईल.

तिकीट आणि गाडी

लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनवरून हेस्टिंग्जची थेट गाडी मिळते. वॉटर्लू ईस्ट आणि लंडन ब्रिजलाही ती थांबते, पण चेअरिंग क्रॉसलाच चढा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे चौघांना समोरासमोर बसायला जागा मिळते. बॅटलला पोचायला साधारण सव्वा ते दीड तास लागतो आणि तिथून हेस्टिंग्ज आणखी पंधरा मिनिटं.

तिकीट लंडन ते हेस्टिंग्ज असं परतीचंच काढा. बॅटल वाटेतच आहे. ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून चालणाऱ्या) तिकिटावर सहसा मधल्या स्टेशनवर उतरून पुढच्या गाडीने जाता येतं, ॲडव्हान्स (ठरावीक गाडीच्याच) तिकिटावर येत नाही. त्यामुळे स्वस्त दिसलं म्हणून ॲडव्हान्स घेऊ नका, आणि खिडकीवर एकदा खात्री करून घ्या. लंडनमध्ये सगळीकडे चालणारं ऑयस्टर कार्ड इथे चालत नाही. सवयीने ते टेकवून फलाटावर गेलात तर पुढे दंडाची वेळ येते. आठवड्याच्या दिवशी सकाळच्या गर्दीची वेळ संपेपर्यंत ऑफ-पीक तिकीट चालत नाही. शनिवार-रविवारी ती अडचण नाही.

दोघं असाल तर ‘टू टुगेदर’, मुलं सोबत असतील तर ‘फॅमिली ॲण्ड फ्रेंड्स’ रेलकार्ड पाहा. मोठ्यांच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते आणि महिनाभर राहायला आलेल्या आईवडिलांच्या दोन-तीन सहलींतच कार्डाचे पैसे वसूल होतात. तीन ते नऊ जण एकत्र जाणार असाल तर कार्डाशिवायही ‘ग्रुपसेव्ह’ची सूट मिळू शकते, त्याबद्दल विचारा.

रविवारी निघणार असाल तर आदल्या रात्री नॅशनल रेलचं ॲप उघडा. रुळांची कामं रविवारीच काढतात, मग मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस मिळते आणि दिवसाचे दोन तास तिथेच जातात. तशी सूचना दिसली तर सहल सरळ पुढच्या शनिवारी ढकला.

वाटेतल्या टनब्रिज स्टेशननंतर बोगदे सुरू होतात. या मार्गाचे बोगदे बांधताना कंत्राटदाराने विटांचे थर कमी लावले आणि १८५५ मध्ये ती लबाडी उघडी पडली. बोगदे पाडून पुन्हा बांधायचे म्हणजे प्रचंड खर्च, म्हणून आतून आणखी विटा चढवल्या. त्यामुळे बोगदे इतके अरुंद झाले की १९८६ पर्यंत या मार्गावर खास कमी रुंदीचे डबे चालवावे लागले. विजेच्या गाड्या आल्या तेव्हा त्या बोगद्यांत दोनाऐवजी एकच रूळ ठेवला. ‘असं फक्त आपल्याकडेच होतं’ म्हणणारा कुणी सोबत असेल तर ही गोष्ट इथे सांगायला बरी पडते.

बॅटल: तीन तास हवेतच

स्टेशनची इमारत १८५२ ची, चर्चसारखी टोकदार कमानींची. बाहेर पडून चढणीने दहा-बारा मिनिटं चाललं की ॲबीचा, म्हणजे रणांगणावर पुढे उभ्या राहिलेल्या मठाचा, दरवाजा येतो. वाटेत एक छोटं गोल चौक लागतं. रणांगण नेमकं कुठे यावर तिथल्या अभ्यासकांत वाद आहे, आणि २०१३ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातल्या पुरातत्त्वज्ञांनी युद्धाचं केंद्र चक्क या चौकात असावं असं मत मांडलं होतं. लढाईची म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी शस्त्रं किंवा हाडं आजवर जमिनीतून जवळजवळ मिळालेलीच नाहीत, म्हणून वादाला वाव आहे. मला मठाची जागाच पटते. का, ते टेकडीवर सांगतो.

जागा इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे. तिकीट ऑनलाइन आधी काढलं तर स्वस्त पडतं. भारतातून आलेले पाहुणे दोन आठवड्यांत अशी तीन-चार ठिकाणं पाहणार असतील तर परदेशी पर्यटकांसाठीचा पास घ्या. नॅशनल ट्रस्टचं सदस्यत्व इथे चालत नाही, ती संस्था निराळी. हिवाळ्यात बहुतेक वेळा फक्त शनिवार-रविवारीच उघडं असतं, म्हणून वेळा पाहिल्याशिवाय निघू नका. ऑक्टोबरमध्ये १४ तारखेच्या आसपासच्या शनिवार-रविवारी लढाईचा देखावा उभा करतात. तो पाहण्यासारखा असतो, पण त्या दिवशी शांतपणे टेकडी वाचता येत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याने साधा दिवस निवडावा.

आत गेल्यावर लोक डावी-उजवीकडच्या भग्न भिंतींकडे वळतात. तुम्ही वळू नका. ऑडिओ गाइड घ्या आणि आधी रणांगणाची वाट धरा. एक वाट वरच्या गच्चीसारख्या सपाटीवरून जाते, दुसरी उतारावरून खाली जाऊन वळसा घालून वर येते. गुडघे दुखणाऱ्यांनी पहिली घ्यावी, त्यांनाही अख्खा उतार दिसतो. बाकीच्यांनी लांबचीच घ्यावी, पाऊण तास लागतो. पाऊस पडून गेला असेल तर खाली राडा असतो, तेव्हा चपला-सँडल नकोत, पकड असलेले बूट हवेत. साडी नेसणाऱ्या काकूंना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवतो.

आता १०६६ सालात जाऊ. जानेवारीत इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक वारला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा बडा सरदार हेरॉल्ड गॉडविन्सनचा राज्याभिषेक झाला. सिंहासनावर नॉर्मंडीचा (आजच्या उत्तर फ्रान्समधला) ड्यूक विल्यमही हक्क सांगत होता, नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्ड्राडाही. हार्ड्राडा उत्तरेत उतरला. हेरॉल्ड फौज घेऊन धावला आणि २५ सप्टेंबरला यॉर्कजवळ स्टॅमफर्ड ब्रिजला त्याने त्याला ठार केलं. विजयाला तीन दिवस होतात न होतात तोच, २८ सप्टेंबरला, विल्यम दक्षिण किनाऱ्यावर पेव्हेन्सीला उतरला. हेरॉल्ड पुन्हा उलटा धावला. लंडन ते यॉर्क तीनशे किलोमीटर, तेवढंच परत, आणि वर हे लंडनपासून इथपर्यंतचं अंतर. १४ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी नऊच्या सुमारास तो या माथ्यावर उभा होता.

हे सगळं वर उभं राहून वाचू नका. उतार उतरून तळाशी जा, मागे वळा आणि वर बघा. तुम्ही आता नॉर्मन शिपाई आहात. वर माथ्यावर इंग्रजांनी ढालीला ढाल भिडवून भिंत केली आहे. तुमच्याच फौजेत डाव्या हाताला ब्रेटन, उजवीकडे फ्लेमिश आणि फ्रेंच, मध्ये नॉर्मन. तिरंदाज वर बाण मारतात ते ढालींत रुततात किंवा डोक्यावरून जातात. घोडदळाला चढ आहे आणि पायाखाली भिजकी माती. मी दरवेळी पाहुण्यांना इथून वर न थांबता चढायला लावतो. निम्म्यावर धाप लागते. अंगावर लोखंडी साखळ्यांचं चिलखत नाही, समोर कुऱ्हाडी नाहीत, तरी लागते. विल्यमची माणसं दिवसभर पुन्हा पुन्हा का मागे आली हे तेव्हा समजतं. मठाची जागा मला पटते ती याच चढामुळे, अर्थात पुढे बांधकामासाठी माथा तासून सपाट केला हे लक्षात ठेवून.

मग हा बालेकिल्ला फुटला कसा? सकाळीच विल्यमची डावी फळी मोडली आणि पळू लागली. तो मेला अशी हूल उठली, तेव्हा त्याने शिरस्त्राण मागे सारून आपलं तोंड दाखवलं. पण त्या पळापळीत इंग्रजांचे काही जण विजय झाला समजून पाठलाग करत खाली आले आणि उघड्यावर कापले गेले. नॉर्मनांनी त्यातून धडा घेतला आणि पुढे मुद्दाम पळण्याचं सोंग करून भिंतीतून माणसं ओढून काढली असं जुने बखरकार लिहितात. गनिमी कावा वाचून वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. नवल याचं की माथा धरून नुसतं उभं राहायचं होतं आणि तेवढंच जमलं नाही. अंधार पडेतो हेरॉल्ड आणि त्याचे दोन भाऊ, गर्थ आणि लिओफ्विन, मारले गेले. एका दिवसात पुढारी घराणंच गेलं. आपण ज्याला पानिपत झालं म्हणतो, ते हेच.

या उतारावर आता मेंढ्या चरतात. मेंढ्या दिसल्या की मला मटण आठवतं, आणि ते केवळ भूक लागली म्हणून नव्हे. जिंकलेले नॉर्मन फ्रेंच बोलत. मेंढ्या राखणारा इंग्रज तिला ‘शीप’ म्हणे आणि खाणारा धनी ‘मुतों’. इंग्रजीत जनावराचं नाव गुराख्याचं राहिलं आणि ताटातलं नाव धन्याचं झालं. तोच शब्द पुढे इंग्रजांसोबत बोटीत बसून आपल्याकडे आला आणि बोकडाला चिकटला. कोर्ट, जज्ज, ज्युरी हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्दही याच वाटेने आले.

वर आल्यावर गवतात एक दगडी फरशी दिसेल. चर्चची मुख्य वेदी इथे होती आणि हेरॉल्ड पडला ती जागा हीच अशी परंपरा आहे. इतक्या रक्तपाताचं प्रायश्चित्त म्हणून विल्यमने मठ उभारायला घेतला. मठाच्या बखरीप्रमाणे भिक्षूंना माथ्यावर बांधकाम नको होतं, पाणी नाही, जागा अडचणीची. विल्यम म्हणाला, वेदी येईल तर इथेच. चर्चचं काम पुरं होऊन १०९४ मध्ये अभिषेक झाला तेव्हा तो हयात नव्हता. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला आणि चर्च पाडलं. आता जमिनीवर फक्त त्याची आखणी उरली आहे.

भग्न अवशेषांत सगळं बघत बसू नका. भिक्षूंच्या निजण्याच्या लांब इमारतीखालची कमानदार दालनं मात्र चुकवू नका. उतारावर वरची जमीन समपातळीत आणायची म्हणून खालच्या खोल्या एकापेक्षा एक उंच होत गेल्या आहेत. शेवटच्या दालनात मान वर करून बघा, विल्यमच्या हट्टाची किंमत गवंड्यांनी कशी मोजली ते दिसतं. मग १३३८ च्या दरवाजाच्या इमारतीतलं प्रदर्शन. जिने अरुंद आहेत. आजी-आजोबांना खाली बाकावर बसवा, त्यांचं काही बिघडत नाही.

जेवणाचं: डबा आणला असेल तर ॲबीच्या हिरवळीवर खा. धपाटे आणि दाण्याची चटणी या हवेत फार छान लागते. नसेल तर दरवाजासमोरच्या हाय स्ट्रीटवर चहा आणि स्कोनवर भागवा आणि भूक हेस्टिंग्जसाठी राखा. सव्वा-दीडच्या सुमारास स्टेशनकडे उतरायला लागा.

हेस्टिंग्ज: स्टेशनवरून डावीकडे

हेस्टिंग्जला उतरून बाजारपेठेतून समुद्रावर या आणि डावीकडे वळा. उजवीकडे लांबवर दिसतो तो पियर, म्हणजे समुद्रात गेलेला फिरायचा धक्का, १८७२ चा. २०१० मध्ये जळाला, नव्याने बांधला आणि २०१७ मध्ये वास्तुकलेचं स्टर्लिंग पारितोषिक त्याला मिळालं. वेळ कमी असेल तर तो लांबूनच पुरे. डावीकडे वळल्यावर समुद्र उजव्या हाताला आणि किल्ल्याचा कडा डाव्या हाताला ठेवून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की जुनं गाव लागतं.

किनाऱ्याबद्दल एक ताकीद. इथे जुहूसारखी वाळू नाही, गोटे आहेत. ओहोटीला खाली थोडी वाळू उघडी पडते. मुलांना पाण्यात जायचं असेल तर रबरी बूट घ्या, अनवाणी चार पावलंही टाकवत नाहीत.

जुन्या गावाच्या टोकाला ‘स्टेड’ आहे. सॅक्सन भाषेत नावा लावायची जागा. मला विचाराल तर हेस्टिंग्जमध्ये बघायचं ते हेच. इथे बंदर नाही. १८९० च्या दशकात बांधायला घेतलं होतं, ते अर्धवट राहिलं, त्याची एक भिंत अजून समुद्रात उभी आहे. म्हणून होड्या थेट गोट्यांवरून पाण्यात ढकलतात आणि परत आल्या की यंत्राच्या दोराने ओढून वर घेतात. अशा रीतीने किनाऱ्यावरून जाणाऱ्या मासेमारी होड्यांचा युरोपातला सर्वांत मोठा ताफा हा. होड्यांमागे काळ्या डांबरलेल्या फळ्यांच्या उंच, अरुंद खोपट्या ओळीने उभ्या आहेत. जागा थोडी आणि जाळी फार, म्हणून खोपट्या आडव्या न पसरता उभ्या वाढल्या. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शेजारच्या जुन्या चर्चमध्ये मच्छीमारांचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, पेटीत काही टाका. आत १९१२ ची ‘एंटरप्राइज’ ही शिडाची होडी ठेवली आहे, त्यासाठी चर्चची भिंत फोडावी लागली होती. मुलांना तिच्यावर चढू देतात.

आता जेवण. कॉड किंवा हॅडक नेहमीचेच, पण फळ्यावर ‘प्लेस’ लिहिलेला दिसला तर तो घ्या, चपटा, नाजूक मासा आहे. ‘हस’ म्हणजे छोटी मुशी, काटे नसतात, मुलांना चालते. वर मीठ आणि व्हिनेगर मारू द्या. शाकाहारी मंडळींनी मात्र फक्त चिप्स मागवल्या तरी दोन प्रश्न विचारावेत: तळण कशाचं आहे? आणि त्याच कढईत मासे तळता का? काही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात. वनस्पती तेल वापरणारी दुकानंही आहेत. नाहीतर जॉर्ज स्ट्रीटवरच्या एखाद्या कॅफेत चीज घातलेला भाजलेला बटाटा. उघड्यावर खाणार असाल तर भिंतीला पाठ लावून बसा. सीगल मागून येतात आणि हातातला अख्खा तुकडा नेतात. एका पाहुण्या काकांचा नेला आहे, ते अजून सांगतात.

खाऊन झाल्यावर दोन टेकड्यांपैकी एकच निवडा. ईस्ट हिलची लिफ्ट १९०२ ची, दोराने ओढला जाणारा डबा, ब्रिटनमधली सर्वांत तीव्र चढणीची. वर मोकळं गवत आणि खाली होड्यांचा देखावा. हवा स्वच्छ असेल तर हीच. वेस्ट हिलची लिफ्ट १८९१ ची, बोगद्यातून वर जाते. वर चोरट्या व्यापाराच्या कथांनी सजवलेल्या गुहा आणि किल्ल्याचे अवशेष. मुलं असतील तर ही. विल्यम इथे आल्यावर त्याने मातीचा ढीग करून लाकडी गढी उभारली, आणि बायोच्या भरतकामात, म्हणजे या स्वारीची गोष्ट चितारलेल्या त्या काळच्या लांबलचक कापडावर, ती माती खणणारे मजूर चितारले आहेत. पुढे दगडी किल्ला झाला, त्याचा काही भाग १२८७ च्या वादळात कड्यासकट समुद्रात गेला. उरलं आहे ते थोडं. सकाळी ॲबी पाहिली असेल तर इथे फार अपेक्षा ठेवू नका. दोन्ही लिफ्ट अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतात. बंद असली तर पायऱ्या आहेत, पण त्या बऱ्याच. आणि स्टेडच्या पूर्व टोकाच्या रॉक-अ-नोरच्या पलीकडे कड्याखालून चालत जाऊ नका, दरडी कोसळतात.

मघाशी म्हटलेला धागा इथला. १८०३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, भारतातून परतल्यावर १८०६ मध्ये हेस्टिंग्जला तैनात होता. नेपोलियनच्या भीतीने किनारा राखायचा म्हणून. तेव्हा हे गाव म्हणजे आज ज्याला जुनं गाव म्हणतात तेवढंच होतं. ऑल सेंट्स स्ट्रीटवरच्या वाकलेल्या लाकडी घरांमधून चालताना हे आठवून बघा.

पाऊस लागला तर किनारा सोडा आणि स्टेशनच्या पश्चिमेला टेकडीवरच्या हेस्टिंग्ज म्युझियमला जा. तिथला दरबार हॉल १८८६ च्या लंडनमधल्या भारतीय प्रदर्शनासाठी पंजाबच्या कारागिरांनी लाकडात कोरलेला आहे. लॉर्ड ब्रॅसीने तो आपल्या लंडनच्या घरात बसवला होता, मग या गावाला मिळाला. प्रवेश फुकट, सोमवारी बंद.

गाडीने येणाऱ्यांसाठी

ए-२१ रस्ता. बॅटलला ॲबीजवळ आणि हेस्टिंग्जला रॉक-अ-नोरला पार्किंग आहे, पण उन्हाळ्यातल्या रविवारी अकरा वाजताच भरतं. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी तर येऊच नका: त्या दिवशी ‘जॅक इन द ग्रीन’ची जत्रा असते आणि हजारो मोटारसायकलवाले याच रस्त्याने उतरतात. जत्राच बघायची असेल तर आगगाडीने या.

परत

उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारलाच अंधारतं. हिवाळ्यात हेस्टिंग्जला तीन तासच हाती लागतात, तेव्हा टेकडी सोडा आणि स्टेडवर थांबा. स्टेशनवर परतल्यावर फलक नीट वाचा. लंडनला जाणाऱ्या गाड्या दोन वाटांनी जातात. चेअरिंग क्रॉसची आलात त्याच वाटेने जाते. व्हिक्टोरियाची ईस्टबोर्नकडून वळसा घेते, वेळ जास्त लागतो आणि तुमच्या तिकिटावर ती वाट नसेल तर चालत नाही. पाय दुखत असताना समोर उभी आहे म्हणून तिच्यात बसू नका.